‘सिबिल खराब आहे’ म्हणून बँकेनं परत पाठवलं? आधी रिपोर्ट काढा, चूक तुमची नसेलही

कोल्हापुरात कुणी म्हणालं की “त्याला कळंब्याला धाडला”, तर ऐकणारा आधी हसतो. कारण कळंबा म्हणजे जेल, हे समीकरण जिल्हाभर पक्कं आहे. आम्ही कळंबेकर मात्र सांगून दमलो, की बाबांनो, इथं तलावही आहे, सकाळी फिरायला येणारी माणसं आहेत, आणि साधी कर्ज-हप्ते भरणारी घरंही आहेत.

अशाच एका घरात माझे मामा राहतात. गेल्या वर्षी त्यांनी छोटा टेम्पो घ्यायचं ठरवलं. कोटेशन आणलं, कागद गोळा केले, बँकेत दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेत साहेबांनी फाईल परत दिली. कारण विचारलं तर तीन शब्द, “सिबिल खराब आहे.”

मामा घरी आले ते तापूनच. “अगं, आयुष्यात एकदाच गाडीसाठी कर्ज काढलं, ते पण फेडून मोकळा झालो. मी कुणाचं रुपायाचं देणं लागत नाही. आणि म्हणे सिबिल खराब!”

मी विचारलं, “मामा, रिपोर्ट बघितला का तुम्ही?”

“कसला रिपोर्ट?”

खरी गोष्ट इथून सुरू होते. कारण ‘सिबिल खराब’ हे वाक्य ऐकून घरी परतणाऱ्या कितीतरी लोकांनी तो रिपोर्ट स्वतः कधी बघितलेलाच नसतो.

आता हे सिबिल नेमकं आहे काय?

सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे. क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो (इंडिया) लिमिटेड या नावानं ती २००० साली सुरू झाली. आज तिचं नाव ट्रान्सयुनियन सिबिल. पण जसं वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणतो, तसं क्रेडिट स्कोअरला सगळे सिबिलच म्हणतात. प्रत्यक्षात अशा चार कंपन्या भारतात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज कायद्याखाली त्या चालतात आणि त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची नजर असते.

या कंपन्या कर्ज देत नाहीत आणि नाकारतही नाहीत. बँका, सहकारी बँका, फायनान्स कंपन्या, क्रेडिट कार्डवाले आणि मायक्रोफायनान्सवाले यांच्याकडून आलेली माहिती त्या एकत्र ठेवतात. तुम्ही कधी, कुणाकडून, किती घेतलं, कसं फेडलं, कुठं थकवलं, याची ती वहीच म्हणा. आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराकडे असते तशी उधारीची वही, फक्त ही देशभरातल्या बँकांना एकाच वेळी वाचता येते.

या वहीवरून जो आकडा निघतो तो स्कोअर. तो ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. ७५० च्या वर असला की बँका सहसा खूश असतात. पण किमान इतका स्कोअर हवाच, असा कुठलाही नियम रिझर्व्ह बँकेनं केलेला नाही. प्रत्येक बँक आपापलं बघते. आणि चार कंपन्यांचे चार स्कोअर थोडे वेगळे येऊ शकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, प्रत्येकाचं गणित वेगळं.

हा आकडा आता फक्त बँकेच्या टेबलापुरता राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरची बातमी आठवत असेल. लग्न ठरत आलं होतं आणि मुलीकडच्यांनी मुलाचं सिबिल बघून नकार दिला. त्यावर मीम्स भरपूर झाले. पण त्यानंतर मी माझ्या ओळखीच्या किती जणांनी स्वतःचा रिपोर्ट काढला ते विचारलं, तर उत्तर आलं, दोघांनी. बाकीच्यांनी मीम फॉरवर्ड केलं.

शेतकऱ्यांच्या बाबतीत तर हा राजकारणाचाच विषय आहे. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शेतीकर्जासाठी शेतकऱ्यांकडे सिबिल मागू नका, असं बँकांना बजावलं. तरी गावात कुणालाही विचारा, बँकेत गेलं की पहिला प्रश्न तोच येतो. म्हणून आपली वही आपण वाचलेली बरी.

मामांचा रिपोर्ट उघडला तेव्हा

रिपोर्ट काढायला आम्हाला वीसेक मिनिटं लागली, त्यातली पंधरा मामांचा चष्मा आणि पॅन कार्ड शोधण्यात गेली. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर नाव, जन्मतारीख, पॅन आणि मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, झालं. स्कोअर आला ६१२.

स्कोअर बघून बहुतेक लोक रिपोर्ट बंद करतात. ही मोठी चूक. स्कोअर म्हणजे प्रगतिपुस्तकावरची टक्केवारी. गुण कुठल्या विषयात गेले ते खाली असतं.

पहिल्या भागात तुमची ओळख असते : नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, फोन नंबर. हा भाग लोक वाचतच नाहीत. वाचा. तिथं कधीच न राहिलेल्या गावाचा पत्ता किंवा अनोळखी मोबाइल नंबर दिसला, तर कान टवकारा. एक तर तुमच्याच नावाच्या दुसऱ्या कुणाची माहिती तुमच्यात मिसळली आहे, नाहीतर कुणीतरी तुमच्या पॅनवर काहीतरी उद्योग केलाय. आपल्याकडे एकेका गावात एकाच नाव-आडनावाची चार-पाच माणसं सहज सापडतात, त्यामुळे पहिली शक्यता अगदीच दूरची नाही.

दुसरी शक्यताही खरी आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेक जणांनी सोशल मीडियावर तक्रार केली होती, की एका झटपट कर्जाच्या अॅपवरून आपल्या पॅनवर भलत्यानंच कर्ज घेतलंय. त्यात अभिनेत्री सनी लिओनीही होती. तिच्या नावावर निघालेलं कर्ज होतं फक्त २,००० रुपयांचं. रक्कम मुद्दाम एवढी छोटी, की कुणाचं लक्ष जाऊ नये. ते कर्ज अर्थातच कुणी फेडत नाही, आणि थकबाकी दिसते तुमच्या वहीत.

मग येतो मुख्य भाग, म्हणजे कर्जखात्यांची यादी. प्रत्येक खात्यापुढे कर्ज कसलं, कधी घेतलं, किती बाकी, किती थकलं आणि शेवटच्या तीन वर्षांचा महिन्यामहिन्याचा तक्ता असतो. त्या तक्त्यातले आकडे म्हणजे हप्ता किती दिवस उशिरा आला ते. ०००  म्हणजे वेळेत. ०३० म्हणजे तीस दिवस थकलेला. ‘एक्सएक्सएक्स’ दिसलं तर त्या महिन्याची माहिती बँकेनं पाठवलीच नाही, इतकाच अर्थ.

मामांच्या यादीत दोन खाती होती. आणि दोन्ही लाल.

पहिलं खातं त्यांच्याच मोटारसायकलचं. कर्ज चार वर्षांपूर्वी संपलं होतं. मामांनी पत्र्याच्या ट्रंकेतून फायनान्स कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र काढून दाखवलं, शिक्क्यासकट. रिपोर्टमध्ये मात्र खातं चालू, थकबाकी १,१८० रुपये. शेवटच्या काही महिन्यांत एक हप्ता खात्यातून कटला नव्हता, त्याचे बाउन्स चार्जेस कंपनीच्या एका वहीत राहून गेले होते आणि दुसऱ्या वहीतून एनओसी निघाली होती. चार वर्षं हे १,१८० रुपये मामांच्या नावापुढे गुपचूप बसून होते.

दुसरं खातं बघून मामा म्हणाले, “हे माझं नाही. चुकलंय बघ, लिही तक्रार.” कर्ज होतं एका व्यावसायिक वाहनाचं, साडेचार लाखांचं.

मी बाजूचा रकाना वाचून दाखवला. मालकीच्या जागी लिहिलं होतं, ‘गॅरंटर’.

मामा गप्प झाले. मग म्हणाले, “अरे देवा. तो…”

जामीनदाराची सही

आपल्या भागात जामीनदार राहणं म्हणजे व्यवहार मानतच नाहीत, तो दोस्तीखाता असतो. “नुसती सही तर करायची आहे.” बँकेच्या बाहेर चहा होतो, सही होते आणि विषय संपतो. मामांनीही २०१९ मध्ये अशीच सही केली होती. मित्राचा धंदा नंतर बसला आणि हप्ते मागे पडायला लागले. मित्र भेटला की कुस्तीपासून उसाच्या दरापर्यंत सगळं बोलायचा, हे सोडून.

कायदा मात्र या सहीला नुसती सही मानत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं, की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे बँक आधी त्याच्याकडे जाईल, मग तुमच्याकडे येईल, अशी रांग लावायचं बंधन तिच्यावर नाही. आणि ते कर्ज जामीनदाराच्याही रिपोर्टमध्ये येतं. त्यानं हप्ता थकवला की तुमचीही वही खराब होते आणि तुम्ही नवीन कर्ज मागायला गेलात, की बँक ही जबाबदारीही हिशोबात धरते.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. रिपोर्टमध्ये जे चुकीचं आहे तेच दुरुस्त होतं. जे खरं आहे ते कितीही नकोसं असलं तरी तक्रार करून पुसता येत नाही. मोटारसायकलचं खातं चुकीचं होतं. जामिनाचं खातं खरं होतं. मामांना हा फरक पटायला दोन दिवस लागले.

याच जातीचा आणखी एक प्रकार वाड्यावस्त्यांवर दिसतो. बचत गट किंवा मायक्रोफायनान्सच्या गटातून एखादी बाई स्वतःच्या नावावर कर्ज काढते आणि पैसे नणंदेला किंवा शेजारणीला देते. हप्ता शेजारीण भरणार असं तोंडी ठरतं. वहीत मात्र नाव सही करणारीचंच. मायक्रोफायनान्स संस्थाही ही माहिती या कंपन्यांना देतात, त्यामुळे “हे गटाचं आहे, बँकेचं नाही” हे समाधान उपयोगाचं नाही.

उलट पतसंस्थेचं बघा. कोल्हापूर जिल्ह्यात पतसंस्थांचं जाळं केवढं आहे हे सांगायला नको. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत आणि त्यांचे व्यवहार या रिपोर्टमध्ये सहसा दिसत नाहीत. म्हणजे दहा वर्षं पतसंस्थेचे हप्ते चोख भरले, तरी बँकेच्या लेखी तुमची पाटी कोरी असू शकते. पाटी कोरी असणं हा मात्र गुन्हा नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला निव्वळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं संसदेत तेच पुन्हा स्पष्ट केलं.

(जेलचा विषय निघालाच आहे तर : १ मे २०२२ ला पुण्याच्या येरवडा कारागृहात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ ही कर्ज योजना सुरू केली. ५० हजारांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के, जामीनदाराची गरज नाही. कैद्याला कारागृहात काम करून मिळणाऱ्या मजुरीवर हे कर्ज उभं. मामांना हे सांगितल्यावर त्यांची प्रतिक्रिया इथं छापण्यासारखी नव्हती.)

तक्रार कशी केली, आणि किती दिवसांत झालं

मोटारसायकलच्या खात्यासाठी आम्ही दोन ठिकाणी एकाच दिवशी लिहिलं. फायनान्स कंपनीच्या तक्रार विभागाला मेल, सोबत एनओसीचा फोटो. आणि ज्या क्रेडिट कंपनीचा रिपोर्ट होता तिच्या वेबसाइटवर ‘डिस्प्यूट’. त्याला पैसे पडत नाहीत. खातं निवडायचं, चूक काय ते निवडायचं, पाठवायचं. क्रेडिट कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते आणि तो हो म्हणाला की दुरुस्ती होते. मिळालेला तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा, कारण पुढचा सगळा हिशोब त्या तारखेपासून चालतो.

हिशोब असा. रिझर्व्ह बँकेनं २६ ऑक्टोबर २०२३ ला एक परिपत्रक काढलं, ते २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची. कर्ज देणाऱ्यानं दुरुस्त माहिती २१ दिवसांत पाठवली नसेल तर भरपाई त्याच्या खिशातून, त्यानं वेळेत पाठवूनही क्रेडिट कंपनीनं वेळ लावला तर तिच्या खिशातून. समजा ४५ दिवस लागले, तर १५ दिवसांचे १,५०० रुपये तुमच्या खात्यात. ‘माझा स्कोअर एवढा कमी का’ अशा तक्रारीला मात्र ही भरपाई लागू नाही. चूक माहितीत हवी.

हा नियम ठाऊक असणारे लोक मला फार भेटले नाहीत. मेलमध्ये परिपत्रकाची तारीख टाकली, की समोरच्याची भाषा बदलते हा मात्र स्वतःचा अनुभव. पहिल्या मेलला साचेबद्ध उत्तर आलं होतं. तारीख टाकून दुसरा मेल केला, तर तिसऱ्या दिवशी माणसाचा फोन आला. तेविसाव्या दिवशी मामांच्या मोबाइलवर मेसेज, खातं बंद, थकबाकी शून्य. भरपाई मिळाली नाही, कारण ३० दिवस झालेच नव्हते. मामांना याचं थोडं वाईट वाटलं.

३० दिवसांत काहीच झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्याही लोकपाल योजनेत आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन करायची, वकील लागत नाही, फी नाही. चौकशीसाठी हेल्पलाइन आहे १४४४८.

पॅनवर दुसऱ्यानंच कर्ज काढलं असेल, तर नुसत्या डिस्प्यूटवर थांबू नका. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी कळवा की हे कर्ज माझं नाही, आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करा. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे.

‘सेटल’ केलं म्हणजे मिटलं?

वसुलीवाले फोन करून सांगतात, “एवढे भरा, बाकीचं सोडून देऊ, खातं क्लोज.” रकमेची सूट ऐकून आपण हरखतो. पण असं मिटवलेलं खातं रिपोर्टमध्ये ‘क्लोज्ड’ नाही, ‘सेटल्ड’ म्हणून जातं. पुढची बँक त्याचा अर्थ लावते, यानं पूर्ण पैसे दिलेले नाहीत. आणि ही माहिती किमान सात वर्षं जपली जाते. खरोखरच देता येत नसेल तर सेटलमेंट हा मार्ग आहे, पण तो डोळे उघडे ठेवून घ्यायचा. कर्जमाफीत ज्यांचं पीककर्ज मिटलं त्यांनीही एकदा बघावं, की खातं वहीत नेमक्या कुठल्या शब्दानं बंद झालंय.

दसरा-पाडव्याला शोरूममध्ये घडणारी गंमतही सांगते. “नुसती एलिजिबिलिटी बघतो साहेब,” म्हणत तिथला मुलगा तुमचा पॅन तीन-चार फायनान्स कंपन्यांकडे टाकतो. प्रत्येक कंपनीनं तुमचा रिपोर्ट मागवल्याची नोंद शेवटच्या भागात होते. थोड्या दिवसांत अशा खूप नोंदी दिसल्या, की बँकेला वाटतं हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. तुम्ही स्वतःचा रिपोर्ट कितीही वेळा बघितला, तरी स्कोअर त्यानं कमी होत नाही. हा गैरसमज इतका पसरलाय, की मामांच्या बँकेतल्या एका माणसानंही आम्हाला “सारखा चेक करू नका, कमी होतो” असं सांगितलं होतं.

क्रेडिट कार्डवाल्यांसाठी दोन नियम. कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि बाकी काही नसेल, तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड. आणि बिलाची तारीख चुकली तर तीन दिवसांपर्यंत ते थकीत म्हणून कळवता येत नाही. ड्रॉवरमध्ये पडलेलं, वार्षिक फी लागत राहिलेलं कार्ड हा तरुण पोरांच्या रिपोर्टमधला ठरलेला घोळ आहे.

फुकट किती वेळा मिळतो?

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक क्रेडिट कंपनीनं प्रत्येकाला कॅलेंडर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसह, मोफत द्यायचा आहे. चार कंपन्या, म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट. चारही एकाच दिवशी काढण्यापेक्षा जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरा असं केलं, तर दर तीन महिन्यांनी नजर राहते. जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवणं बंधनकारक झालं, त्यामुळे चूक झाली तरी, दुरुस्ती झाली तरी, ती आता लवकर दिसते.

वेबसाइटवर पैसे भरायच्या योजनांची बटणं मोठी असतात आणि मोफत रिपोर्टचा दुवा छोटा. शोधा, असतो. ‘फ्री सिबिल’ म्हणून येणाऱ्या अॅपवर आकडा दिसतो, हे खरं, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा धंदा तुम्हाला पुढचं कर्ज विकणं हा आहे. आणि “दहा दिवसांत सिबिल ७५० करून देतो” म्हणणाऱ्याला पॅन, ओटीपी, पैसे यातलं काहीही देऊ नका. चूक असेल तर ती फुकटात दुरुस्त होते, आणि खरं असेल तर ते तोही पुसू शकत नाही.

मामांचा टेम्पो अजून आलेला नाही. मोटारसायकलचा डाग गेल्यावर स्कोअर थोडा वर सरकला, पण जामिनाचं खातं होतं तिथंच आहे. मामा एका संध्याकाळी रिपोर्टची प्रिंट घेऊन मित्राच्या घरी गेले. भांडायला नाही, दाखवायला. मित्रानं त्यातल्या थकलेल्या दिवसांच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं म्हणे, “हे तुझ्या नावावर पण लागतंय?” त्यालाही माहीत नव्हतं. त्यानंतर दोन हप्ते आलेत, तीन अजून मागे आहेत. पुढचा रिपोर्ट दुसऱ्या कंपनीचा, ऑक्टोबरमध्ये काढायचा, असं मामांनी कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवलंय. पीडीएफचा पासवर्ड काय, हे मात्र दर वेळी मलाच फोन करून विचारतात.